ओढणीवरचा रुमाल

पुण्यात मी काय शिकवते असं कोणी विचारलं की मी "कॉम्प्युटर" म्हणून मोकळी होते. खरं उत्तर लांबलचक आहे. मी नियम लिहिते. एकाच गोष्टीत दहा माणसांना वाटा हवा असतो आणि दहाही जण आपापल्या सोयीचं बोलणार असतात. तिथे नियम असा बांधायचा की खोटं बोलून कोणाचा फायदाच होऊ नये, आणि मग तो कॉम्प्युटरला कळेल असा मांडायचा. शाळेतले प्रवेश, पाण्याच्या पाळ्या, किडनीची अदलाबदल, अशा ठिकाणी तो उपयोगी पडतो. आमच्या विभागप्रमुखांना हे समाजकार्य वाटतं आणि समाजकार्य करणाऱ्यांना हे गणित वाटतं. मला दोघांचाही राग येतो.

माझे अब्बा, जाकीरभाई, खामगावच्या बैलबाजारात दलाल होते. आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरची चार एकर कपाशी अम्मी बघायची आणि अब्बा बाजार बघायचे. शाळेला सुट्टी असली की मी हट्ट करून त्यांच्यासोबत बाजारात जायचे. तिथे बैलाची किंमत कोणी तोंडाने बोलत नसे. गिऱ्हाईक आणि दलाल हातात हात देत, वर रुमाल टाकत आणि आत बोटं दाबून आकडा सांगत. एक बोट, दोन बोटं, अख्खा पंजा दाबला की पाच, पंजा दोनदा दाबला की दहा. भोवती कितीही माणसं डोळे फाडून उभी असली तरी कोणाला पत्ता लागत नसे, आणि एकदा हात सुटले की शब्द फिरवता येत नसे. ज्याने फिरवला त्याला बाजारात पुन्हा कोणी हात देत नसे. पुढे एम.टेक.ला बंद बोलीच्या लिलावाचा धडा आला तेव्हा सगळा वर्ग घाम पुसत होता आणि मी एकटी हसत होते.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने गावाची कपाशी खाल्ली. बीटी बियाणं आलं तेव्हा अळीचा विषय मिटला असं सगळ्यांना सांगितलं होतं, पण अळीला ते कोणी सांगितलं नव्हतं. बोंड वरून हिरवंगार दिसायचं, फोडलं की आत सडका कापूस. वेचणाऱ्या बायकांच्या हातांना, मानेला खाज सुटायची. अम्मी रात्री खोबरेल तेल चोळत बसायची आणि सकाळी पुन्हा कापूस वेचायची ओटी कमरेला बांधून निघायची.

अळी कुठे जगते हे कृषी खात्याच्या भित्तीपत्रकावरच छापलेलं होतं. दिवाळीनंतर खरी वेचणी उरकत येते. पण ज्याच्याकडे पाणी आहे तो पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या उभ्या झाडांना, पाणी देऊन ती मार्चपर्यंत उभी ठेवतो आणि आणखी दोन-तीन वेचण्या काढतो. याला आमच्याकडे फरदड म्हणतात. ती उभी पऱ्हाटी म्हणजे अळीचं हिवाळ्यातलं घर. सगळ्या गावाने डिसेंबर संपायच्या आत पऱ्हाटी उपटली तर अळी उपाशी मरते. एकट्यानेच उपटली तर शेजाऱ्याच्या फरदडीतून ती परत येते आणि उपटणारा तेवढा येडा ठरतो. म्हणून ग्रामसभेत सगळे हात वर करायचे, ठराव व्हायचा, आणि मार्चमध्ये पऱ्हाट्या होत्या तिथेच उभ्या असायच्या.

गावातली सगळ्यात मोठी फरदड रंगरावांची. नदीकाठचा तो सगळा पट्टा ठिबकवर होता. बांधावर योजनेचा पत्र्याचा फलक होता, त्यावर लाभार्थी म्हणून 'सौ. केसरबाई रंगराव' असं नाव रंगवलेलं. केसरबाई म्हणजे त्यांची बायको. रंगरावांच्या स्वतःच्या नावावर वरच्या अंगाची संत्र्याची बाग होती, आणि एका नावावर ठिबकचं अनुदान एकदाच मिळतं म्हणून नदीकाठ बायकोच्या नावावर केलेला. हे गावातल्या लहान पोराला पण ठाऊक होतं, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गावातलं एकमेव कृषी केंद्रही रंगरावांचंच. बियाणं तिथून, फवारणीचं औषधही तिथूनच. अळी आली तर औषध खपायचं, नाही आली तर कापूस व्हायचा. अशा माणसाला तोंडावर 'तुमची फरदड काढा' म्हणायची गावात कोणाची छाती नव्हती.

२०१८ च्या दिवाळीत मी गावी आले ती हेच डोक्यात घेऊन. मला लोकांना एकच प्रश्न विचारायचा होता. दहातल्या किती जणांनी पऱ्हाटी उपटली तर तुम्हीही उपटाल? समजा सगळ्यांनी पाच सांगितले. मग सगळ्यांचीच अट पुरी होते आणि सगळेच उपटतात. पहिला कोण, हा प्रश्नच राहत नाही, कोणाला हुतात्मा व्हावं लागत नाही. फक्त दोन गोष्टी हव्यात. कोणी काय सांगितलं हे कोणाला कळता कामा नये, आणि दिलेला शब्द फिरता कामा नये.

मी फोनवर भरायचा फॉर्म केला. झाडून सगळ्यांचं एकच उत्तर आलं, काही झालं तरी उपटणार नाही. मी चक्रावले. मग कळलं की सगळ्यांनी तो फॉर्म कृषी केंद्राच्या काउंटरवर बसून, रंगरावांच्या डोळ्यादेखत भरला होता. तिथे वायफाय फुकट होतं. माझ्या आयुष्यातला इतका चोख आणि इतका निरुपयोगी डेटा मी पुन्हा पाहिला नाही. चिठ्ठ्यांचं नाव काढलं तर शेजारचे निवृत्तीकाका म्हणाले की गावात प्रत्येकाचं अक्षर प्रत्येकाला ओळखू येतं. त्यांचं तर दुरूनही यायचं, कारण ते अजून जांभळ्या शाईने लिहायचे.

त्या संध्याकाळी अब्बांचा रुमाल दोरीवर वाळत होता. मी त्याच्याकडे बघत बसले आणि मला स्वतःचीच लाज वाटली. बोटांना अक्षर नसतं. हात सुटला की मागे काही उरत नाही. जे मी पुण्यात बसून बांधत होते ते अब्बांच्या खांद्यावर आयुष्यभर होतं.

अब्बांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले, म्हणाले मी बसतो. मी म्हटलं, तुम्ही नाही, मी बसणार. अब्बांची स्वतःची कपाशी होती आणि रंगरावांची प्रत्येक बैलजोडी त्यांच्या हातून आलेली. लोकांना वाटलं असतं की आकडा रात्रीतून नदीकाठाला पोचेल. हात असा हवा होता ज्याला गावात कसलंच पीक नाही. घरात आम्ही आमची हिंदी बोलतो, पण अब्बा चिडले की वऱ्हाडीत येतात.

"मी जित्ता असताना माही पोरगी साऱ्या गावच्या माणसाइच्या हातात हात देईन काय वं?"

"नर्स साऱ्या गावचे दंड धरते, अब्बा. तिले तं तुमी बसवून चहा पाजता."

त्यांनी रुमाल दोरीवरून काढला, घडी घातली आणि पेटीत ठेवून कुलूप लावलं. माझ्याकडे ओढणी होती.

सरपंच नारायणराव भला माणूस. भांडण कोणाशीच नको, म्हणून तो सगळ्यांना हो म्हणतो. मलाही हो म्हणाला. सभा शाळेच्या पटांगणात ठरली आणि दोन दिवसांत गावभर बोंब झाली. बाईमाणूस, वरून मुसलमानाची लेक, आणि माणसांचे हात धरणार. मशिदीकडच्या म्हाताऱ्यांनी अब्बांना बोलावून समजावलं, मारुतीकडच्यांनी सरपंचाला समजावलं. दोन्हीकडच्यांना एकाच गोष्टीचा राग येण्याचा योग गावात फार वर्षांनी आला होता. मला पुण्याची मॅडम म्हणून टोमणे मारून झाले. खरं तर पुण्यात मला माझ्या 'मले-तुले'वरून हसतात, तेव्हा मी दोन्हीकडून निर्ढावलेली आहे. इकडची लाज मी तिकडे सोडली आणि तिकडची इकडे.

रंगरावांनी मात्र विरोध केला नाही. त्यांनी एक अट तेवढी घातली. ज्याचं सातबाऱ्यावर नाव असेल त्यानेच बसायचं, बटईने, म्हणजे दुसऱ्याचं शेत वाट्याने करणाऱ्यांनी नाही. अट अन्यायाची होती. बटईवाले फरदड ठेवत नाहीत, म्हणून ते लहान आकडा सांगणार; त्यांना बाहेर ठेवलं की आकडा मोडतो हे रंगराव ओळखून होते. मी भांडले. पण नारायणरावने तिथेही हो म्हणून टाकलं होतं.

सभेच्या दिवशी मी पटांगणाच्या मधोमध सतरंजी टाकली आणि मांडी घालून बसले. नियम समजावला. बोटं दाबून आकडा सांगायचा, मूठ बंद ठेवली तर काही झालं तरी उपटणार नाही. गावातल्या कोणाचाही आकडा मी सांगणार नाही, आजही नाही, मरताना पण नाही. शेवटी एकच गोष्ट सांगेन, दहातले किती. आणि इथे दिलेला हात बैलबाजारातला हात समजायचा.

कोणी उठेना. पुरुष उकिडवे बसून जमिनीवर काड्या ओढत होते. वर्गाच्या व्हरांड्यात वेचणीवरून आलेल्या बायका बसल्या होत्या, अम्मी त्यांच्यात होती, केसरबाईही होत्या. माझा हात ओढणीखाली तसाच पसरलेला. इतक्या माणसांसमोर हात पुढे करून बसणं आणि कोणी तो न घेणं, यासारखी शरम नाही. माझे कान तापले. पण मी हात मागे घेतला नाही. मी ठरवलं होतं की दिवस मावळेपर्यंत बसेन आणि मग उद्या पुन्हा येऊन बसेन.

तेव्हा मागून अब्बा आले. बाजारचा पांढरा सदरा, खांद्यावर रुमाल. मला वाटलं, उठवून घरी न्यायला आले. ते माझ्यासमोर बसले, ओढणीचं टोक चिमटीत धरून उजेडाकडे केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"झिरझिरीत हाये हे. उन्हात बोटं दिसतेत."

आणि खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी माझ्या ओढणीवर टाकला. मग आत हात घातला. लहानपणी त्यांनी मला याच हाताने आकडे शिकवले होते. त्यांनी काय दाबलं ते मी सांगणार नाही. पण मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

अब्बांनंतर निवृत्तीकाका आले, मग त्यांचा भाऊ, मग रांग लागली. काहींनी माझ्याकडे न बघता हात दिला, काहींनी आधी तो सदऱ्याला पुसला. एकाने खात्री करायला आकडा दोनदा दाबला. बोटांना खोटं बोलायची सवय नसते हे मला त्या दिवशी कळलं. जे तोंडाने वर्षानुवर्षं 'आपण काय बुवा' म्हणत आले होते ते बोटांनी फटाफटा सांगत होते.

शेवटी रंगराव राहिले. ते खुर्चीवर बसले होते, एकटेच.

"मी बाईच्या हातात हात देत नसतो," ते म्हणाले. "जाकीरभाईले बसवा तिच्या जागी, मंग पाहू."

सगळ्यांनी अब्बांकडे पाहिलं. मी पाहिलं नाही.

"साऱ्याइले एकच हात हाये, रंगरावभाऊ. तुमच्यासाठी दुसरा निघत नाई."

ते हसले. खुर्ची मागे सरकवली आणि जाऊन जीपला टेकून उभे राहिले. तमाशा शेवटपर्यंत बघायचा होता त्यांना.

मी डोक्यात जुळणी करत होते. दहा म्हणणारे फार होते. आणि ते बरोबरच होतं. नदीकाठची ती हिरवी फरदड तशीच राहणार असेल तर उरलेल्यांनी उपटून काय उपयोग? तो एक हात आला नाही म्हणजे दहा होत नाहीत. दहा झाले नाहीत की दहावाले सुटतात, ते सुटले की नऊवाल्यांची अट मोडते, मग आठवाल्यांची, आणि अख्खी उतरंड खाली येते. इतक्या जणांनी हिंमत करून हात दिले होते आणि उत्तर शून्य येत होतं. पुढच्या साली पुन्हा तीच सडकी बोंडं, पुन्हा अम्मीच्या मानेवर खोबरेल तेल.

नारायणराव माझ्याजवळ येऊन वाकला. त्याला माझ्या तोंडावरून कळलं असावं.

"मॅडम, सांगून द्या दहा," तो हळूच म्हणाला. "कोणाले कळते? एकदा तुमी सांगतलं की लोक उपटतेतच. भलं होईन गावाचं."

आणि खरंच, कोणाला कळणार होतं? आकडे फक्त माझ्याकडे होते. मी म्हटलं असतं दहा, तर पटांगणातल्या प्रत्येकाला वाटलं असतं की शेजाऱ्याने होकार दिला. काही क्षण मी तो विचार केला, हे नाकारत नाही. मग मला वाटलं, हेच तर रंगराव म्हणतात. गावाला आपलं भलं कळत नाही, कळणाऱ्याने परस्पर ठरवून टाकावं. मला ते करायचं असतं तर मी इथे येऊन उन्हात बसलेच नसते.

मी उभी राहिले. रुमाल आणि ओढणी दोन्ही हातात होती.

"ऐका. तुमचे आकडे जमत नाहीत," मी म्हटलं. "नदीकाठच्या कपाशीचा हात आला नाही, म्हणून सगळं मोडतं. दहातले शून्य. तो माझ्यापर्यंत आला नाही, कारण माझा हात बाईचा आहे. कोणामुळे मोडलं ते घरी जाऊन नीट आठवा. मला खोटं बोलायला सांगू नका."

रंगरावांनी जीपचं दार उघडलं.

व्हरांड्यातून केसरबाई उठल्या. साठीची बाई, ठेंगणी, वेचणीची ओटी अजून कमरेला. गावात त्यांना मोठ्याने बोलताना मी ऐकलं नव्हतं. पायऱ्या उतरून त्या सरळ सतरंजीवर येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, बस.

"तू कुठं चालली व्हय?" रंगराव दारातूनच ओरडले.

"नदीकाठची पऱ्हाटी माह्या नावावर हाये," केसरबाई म्हणाल्या. "पाटीवर लिहेल हाये तुमीच."

"ते नावापुरतं हाये."

"नावापुरतंच त मागतलं होतं तुमी. ज्याचं नाव त्यानंच बसा म्हणे."

कोणीतरी फसकन हसलं आणि मग कोणी हसलं नाही. मी नारायणरावकडे पाहिलं. त्याने आधी जीपकडे पाहिलं, मग केसरबाईंकडे, मग सवयीने मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा 'हो' योग्य वेळी पडला.

रंगराव तरातरा चालत सतरंजीपर्यंत आले. हात मात्र लावला नाही त्यांनी. कशावर हात टाकणार होते? बाईने परपुरुषाच्या हातात हात दिला असता तर गावाला बोलायला जागा होती. इथे बाईच्या हातात बाईचा हात होता. त्यांचाच नियम, त्यांचीच अट, आणि सगळं गाव साक्षीला.

मी बसले आणि ओढणी, तिच्यावर रुमाल पुन्हा हातावर टाकला. केसरबाईंनी ओढणीखाली हात घातला. बोंडांच्या टरफलांनी त्यांची बोटं चिरलेली होती, मनगटावर खाजेच्या पुळ्या उठलेल्या. मालकीण असूनही ती बाई फरदडीत मजुरांबरोबर वेचत होती. त्यांनी माझा हात घट्ट धरला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मग आकडा दाबला. एकदाच, शांतपणे. मग हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

"काय दाबलं?" रंगरावांनी विचारलं.

केसरबाई उठून गुडघे झटकत होत्या. "रुमालाखालचं हाये ते," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा जुळणी केली. या वेळी उतरंड पडली नाही. मी दोनदा तपासून पाहिलं, आणि मग मोठ्याने सांगितलं, दहातले दहा.

डिसेंबरचे शेवटचे दिवस मी गावातच काढले. विभागप्रमुखांचे फोन येत होते, मी उचलले नाहीत. पुढे मी यावर शोधनिबंध पाठवला तेव्हा परीक्षकांनी प्रत्येकाचा मूळ आकडा मागितला. मी कळवलं की तो मिळणार नाही. निबंध परत आला. येऊ दे.

उपटणी नदीकाठापासून सुरू झाली, कारण केसरबाईंनी ठिबकची मोटर स्वतः बंद केली आणि बायका घेऊन पहाटेच शेतात उतरल्या. लोखंडी चिमट्यात बुंधा धरायचा, जोर द्यायचा, मुळासकट पऱ्हाटी वर. सकाळभर तो आवाज येत होता. बांधावर पत्र्याच्या फलकाजवळ रंगराव उभे होते. मी तिथे पोचले तसे ते माझ्याजवळ आले. या वेळी आवाज खाली होता.

"शाइस्ता, एवढं सांग. तिनं किती दाबले होते?"

मग त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि हात पुढे केला. खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी स्वतःच त्या हातावर टाकलं. तोंडाने सांगायचं नसेल तर बोटांनी सांग, असं.

बाईच्या हातात हात न देणारा माणूस हात पसरून उभा होता. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून मी आणखीच ताठ झाले.

"केसरकाकूले विचारा," मी म्हटलं. "त्याइले वाटलं तं सांगतीन."

शेताच्या मध्यावर केसरबाईंनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. मग त्यांनी चिमटा पुढच्या बुंध्याला लावला.